नाव तेच, मालक नवा : व्हॉल्वोचा दर्जा खरोखर घसरला का?

मुंबईहून पुण्याला, कोल्हापूरला किंवा बेळगावला निघालेला माणूस सहज म्हणतो, "व्हॉल्वोने जातोय." बस प्रत्यक्षात कोणत्या कंपनीची आहे, हे तो पाहतही नाही. थंडगार, उंच, कमी हादरणारी बस म्हणजे व्हॉल्वो, असा अर्थ आपल्या बोलण्यात रुळला आहे. २००१ मध्ये ही बस भारतात आली आणि थोड्याच वर्षांत कंपनीचे नाव वस्तूचे नाव होऊन बसले. एखाद्या कंपनीला यापेक्षा मोठी पावती कोणती मिळणार?

परंतु त्याच नावाची मोटार घ्यायची म्हटली की सूर बदलतो. "आता ती पहिली व्हॉल्वो राहिली नाही, ती चिनी झाली," असे जाणकार मंडळी सांगतात. आपल्यातील पुष्कळ घरांतील मुले, भाऊ, जावई आखातात नोकरीला आहेत. तिथे चार-पाच वर्षे वापरलेली युरोपीय गाडी नव्या जपानी गाडीपेक्षा स्वस्तात मिळते आणि फोनवर घरात सल्लामसलत सुरू होते. एक म्हणतो, नाव मोठे आहे, घे. दुसरा म्हणतो, नावाला भुलू नकोस, मालक बदलला आहे. दोघेही नावाबद्दलच बोलत असतात, गाडीबद्दल कुणीच बोलत नाही. वर्षानुवर्षांची बचत जिथे गुंतणार, तिथे हा प्रश्न नीट तपासायला हवा, असे आम्हाला वाटते.

आधी एक घोटाळा दूर करू. बस आणि ट्रक बनवणारी व्हॉल्वो आणि मोटारी बनवणारी व्हॉल्वो या आज दोन वेगळ्या कंपन्या आहेत. १९९९ मध्ये मूळ स्वीडिश समूहाने मोटारींचा धंदा अमेरिकेच्या फोर्ड कंपनीला विकला आणि ट्रक-बस स्वतःकडे ठेवले. नाव व खूण मात्र दोघांचीही तीच राहिली. २०१० मध्ये फोर्डने मोटारींची कंपनी चीनच्या जीली समूहाला विकली. म्हणजे आपण ज्या बसमधून जातो तिची मालकी जीलीकडे गेलेली नाही. प्रश्न आहे तो मोटारींचा.

नाव कसे कमावले

पहिली व्हॉल्वो मोटार १४ एप्रिल १९२७ रोजी स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील कारखान्यातून बाहेर पडली. आसार गॅब्रिएल्सन आणि गुस्ताफ लार्सन हे तिचे संस्थापक. बर्फाचे रस्ते, खडबडीत वाटा आणि लांबलचक हिवाळा या परिस्थितीत टिकेल अशी गाडी त्यांना हवी होती.

या नावाला जगभर मान मिळाला तो सुरक्षिततेमुळे. १९५९ मध्ये निल्स बोलिन या अभियंत्याने खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा सीट बेल्ट तयार केला. बोलिन यांनी त्याआधी विमानांतील वैमानिकांच्या आसनांवर काम केले होते. व्हॉल्वोने पेटंट घेतले, पण ते इतर कंपन्यांना वापरायला मोकळे ठेवले. आज आपण रिक्षावाल्याच्या ओम्नीपासून मंत्र्यांच्या गाडीपर्यंत जो पट्टा पाहतो, तो याच घराण्यातला आहे. १९७० च्या दशकात लहान मुलांसाठी मागे तोंड करून बसवायची खुर्ची याच कंपनीने आणली.

दुसरा मान टिकाऊपणाचा. १९७४ ते १९९३ या काळात बनलेली चौकोनी, पेटीसारखी दिसणारी '२४०' मालिका जवळजवळ २८ लाखांच्या संख्येने विकली गेली. अमेरिकेतील अर्व गॉर्डन या विज्ञान शिक्षकाने १९६६ साली घेतलेली आपली लाल व्हॉल्वो २०१३ पर्यंत ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर चालवली. हा जागतिक विक्रम आहे. व्हॉल्वोच्या मजबुतीचा दाखला म्हणून हीच गाडी दाखवली जाते. ते खरेच आहे. पण गॉर्डन तेल बदलण्याची तारीख कधी चुकवत नसत, हेही त्यासोबत सांगितले पाहिजे.

पहिला परका मालक

जानेवारी १९९९ मध्ये फोर्डने व्हॉल्वोच्या मोटारींसाठी ६४५ कोटी डॉलरचा सौदा जाहीर केला. त्या वेळी व्हॉल्वो एकटी तग धरू शकेल का, याची शंका स्वीडनमध्येच होती. नवी गाडी घडवायला प्रचंड पैसा लागतो आणि छोट्या कंपनीला तो थोड्याच गाड्यांवर वसूल करावा लागतो. १९९३ मध्ये फ्रान्सच्या रेनो कंपनीशी एकत्र येण्याचा प्रयत्न झाला होता. भागधारकांच्या विरोधामुळे तो मोडला.

फोर्डच्या काळात व्हॉल्वोला पैसा मिळाला. २००२ मध्ये आलेल्या पहिल्या एक्ससी ९० मध्ये छताला अतिकठीण बोरॉन पोलाद होते आणि गाडी उलटू लागली तर तिला सावरणारी यंत्रणा होती. २००८ च्या एक्ससी ६० मध्ये शहरातील कमी वेगात पुढच्या गाडीवर आदळण्याआधी स्वतःहून ब्रेक लावण्याची सोय आली. सुरक्षिततेचा वारसा फोर्डने बुडवला, असे म्हणता येत नाही.

मात्र खर्च वाचवण्यासाठी सांगाडे वाटून घेणे सुरू झाले. २००४ ची व्हॉल्वो एस ४०, फोर्ड फोकस आणि माझदा ३ या तिन्ही गाड्या एकाच मूळ सांगाड्यावर उभ्या होत्या. जुन्या ग्राहकांना हे खटकले. व्हॉल्वोचे पैसे देऊन फोर्ड घेतोय का, असा त्यांचा सवाल होता. पुढे २००८ च्या मंदीत फोर्ड स्वतःच अडचणीत आली आणि तिने एकेक नाव विकायला काढले.

दुसरा मालक

२०१० मध्ये जीलीशी १८० कोटी डॉलरचा करार झाला. म्हणजे फोर्डने जे दिले होते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. जीलीचे मालक ली शूफू यांनी फ्रिजचे सुटे भाग बनवण्यापासून सुरुवात केली होती; मोटारींच्या धंद्यात त्यांना जेमतेम बारा-तेरा वर्षे झाली होती. त्यामुळे गोथेनबर्गमध्ये धास्ती होती की यंत्रे, नकाशे आणि तंत्र चीनला जाईल आणि मागे फक्त पाटी उरेल.

तसे झाले नाही. मुख्यालय, रचना करणारे अभियंते आणि धडक चाचणीची प्रयोगशाळा गोथेनबर्गलाच राहिली. तोर्सलांडा आणि बेल्जियममधील गेंट येथील कारखाने चालू राहिले. सुमारे १,१०० कोटी डॉलर गुंतवून नवा सांगाडा, नवी इंजिने आणि नवी मॉडेले उभी केली गेली. २०१४ मध्ये त्या सांगाड्यावरची पहिली गाडी, दुसरी एक्ससी ९०, लोकांसमोर आली आणि युरोपातील धडक चाचणीत तिला पाच तारे मिळाले. २०१० मध्ये व्हॉल्वोने पावणेचार लाखांच्या आसपास गाड्या विकल्या होत्या. २०१९ मध्ये हा आकडा सात लाखांवर गेला.

दुसरीकडे चीनमध्ये चेंगदू आणि दाचिंग येथे कारखाने उभे राहिले. २०१५ मध्ये चेंगदूत बनलेली एस ६० अमेरिकेत विकायला गेली. एस ९० ही मोठी सेदान तर दाचिंगलाच बनू लागली आणि तिथून युरोपला जाऊ लागली. ईएक्स ३० ही छोटी विजेची गाडी जीलीच्या स्वतःच्या सांगाड्यावर आधारलेली आहे. पाटी स्वीडनची आणि हाडे जीलीची, असे या गाडीबद्दल म्हणता येते.

तक्रारी खऱ्या आहेत

ग्राहकांच्या तक्रारी मनाच्या खेळातून आलेल्या नाहीत. नव्या चार सिलिंडरच्या इंजिनांत सुरुवातीच्या वर्षांत तेल जास्त जळत असे. पिस्टनच्या कड्यांपर्यंत प्रश्न जाई. जुन्या पाच सिलिंडरच्या इंजिनांवर दोन-तीन लाख किलोमीटर काढलेल्या माणसाला हे पाहून वाईट वाटले तर नवल नाही. मधला पडदा नीट चालत नाही, फोन जोडला जात नाही, इशारे विनाकारण वाजतात, हे रडगाणे वेगळेच.

विजेच्या गाड्यांत हा प्रश्न ठळक झाला. ईएक्स ९० ही मोठी गाडी नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाली. सॉफ्टवेअरचे काम अपुरे असल्याने तिचे उत्पादन पुढे ढकलावे लागले आणि ते २०२४ मध्ये सुरू झाले. तरीही काही सोयी पहिल्या ग्राहकांना 'नंतर अपडेटमधून मिळतील' या वायद्यावरच गाडी घ्यावी लागली. अर्धवट शिवलेला सूट अंगावर चढवून बाही पुढच्या महिन्यात लावून देतो असे शिंप्याने सांगावे, त्यातलाच हा प्रकार. जिने सीट बेल्टचे पेटंट जगाला मोकळे केले त्या कंपनीकडून लोकांची ही अपेक्षा नव्हती.

पण दोष कुणाच्या खात्यावर?

इथे घाई करून चालत नाही. गाडी कागदावर येण्यापासून रस्त्यावर येईपर्यंत चार-पाच वर्षे जातात आणि तिचा दोष उघड व्हायला आणखी पाच-दहा वर्षे. त्यामुळे आज दिसणारा दोष आजच्या मालकाचाच असेल असे नाही.

दोन उदाहरणे पाहा. १९९९ ते २००१ च्या मॉडेलांत इंजिनाला हवा सोडणारी इलेक्ट्रॉनिक झडप बिघडण्याच्या इतक्या तक्रारी आल्या की कंपनीला तिची हमी वाढवावी लागली. लोकांनी फोर्डला शिव्या दिल्या. वास्तविक तो भाग फोर्ड येण्याआधीच निवडला गेला होता. दुसरे उदाहरण त्याहून मोठे. २०२० मध्ये व्हॉल्वोने जगभरातून सुमारे २२ लाख गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. पुढच्या सीट बेल्टला धरून ठेवणारी पोलादी दोरी काळाच्या ओघात कमकुवत होऊ शकते, असे आढळले होते. त्यामुळे अपघात झाल्याची नोंद कंपनीकडे नव्हती, पण व्हॉल्वोच्या बाबतीत सीट बेल्टच सदोष निघावा, ही नामुष्की होतीच. या गाड्या २००६ ते २०१९ या काळात बनल्या होत्या. म्हणजे दोष फोर्डच्या काळात जन्मला, जीलीच्या काळात चालू राहिला आणि जीलीच्याच काळात पकडला गेला. एका मालकाच्या नावावर तो मांडायचा कसा?

आणि मालक स्वीडिश असताना सगळे आलबेल होते का? १९८० च्या दशकातील अनेक व्हॉल्वो गाड्यांत इंजिनाजवळच्या तारांचे आवरण उष्णतेने भुगा होऊन गळत असे. आज रस्त्यावर दिसणारी जुनी '२४०' ही टिकलेल्यांपैकी एक असते. भंगारात गेलेल्या तिच्या बहिणी आपल्याला दिसत नाहीत. जुन्या काळाची आठवण काढताना हा हिशेब नेहमी निसटतो.

गॉर्डन यांची लाल गाडी ज्या मालिकेतली, त्या पी १८०० ची कथा तर डोळे उघडणारी आहे. १९६१ पासून पहिल्या गाड्यांची जुळणी व्हॉल्वोने इंग्लंडमधील जेन्सन कंपनीकडून करून घेतली. मालक स्वीडिश, नकाशे स्वीडिश, इंजिन स्वीडिश. तरी कामाचा दर्जा इतका कमी पडला की १९६३ मध्ये व्हॉल्वोने जुळणी स्वीडनला परत नेली. विक्रमी गाडी १९६६ ची, म्हणजे त्यानंतरची. पुढे १९७५ मध्ये व्हॉल्वोने हॉलंडच्या डाफ कंपनीचा मोटारींचा धंदा ताब्यात घेतला. तिथे व्हॉल्वोच परकी मालक होती. तिथून निघालेली '३४३' ही गाडी सुरुवातीला तक्रारींमुळे बदनाम झाली आणि काही वर्षे राबून ती सुधारावी लागली.

यावरून आम्हाला एवढेच दिसते की दर्जा मालकाच्या पासपोर्टवर ठरत नाही. कारखान्यात शेवटची नजर कुणाची आहे, सुटे भाग कुणाकडून आणि किती घासाघीस करून घेतले, आणि तयार नसलेली गाडी थांबवून ठेवण्याची हिंमत कुणात आहे, यावर तो ठरतो.

शेजाऱ्यांचे दाखले

स्वीडनमधलीच दुसरी कंपनी साब. तिचा अर्धा हिस्सा १९९० मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने घेतला आणि २००० मध्ये पूर्ण कंपनी. नव्या गाड्या घडवायला पुरेसा पैसा मिळाला नाही. उलट जपानच्या सुबारूची गाडी आणि अमेरिकन शेवरोलेची मोठी गाडी यांवर साबची खूण लावून त्या अमेरिकेत विकल्या गेल्या. ग्राहकाने ते ओळखले. साब २०१० मध्ये विकली गेली आणि डिसेंबर २०११ मध्ये तिचे दिवाळे निघाले.

याच्या उलट स्कोडा. चेक देशातील ही जुनी कंपनी साम्यवादी राजवटीच्या अखेरीस इतकी मागे पडली होती की इंग्लंडमध्ये तिच्या गाड्यांवर विनोद सांगितले जात. १९९१ मध्ये जर्मनीची फोक्सवॅगन आली, तिने पैसा ओतला, मात्र रचना करणारे लोक तिथलेच ठेवले. दहा वर्षांत विनोद बंद झाले. २००१ मध्ये हीच स्कोडा आपल्या औरंगाबादजवळ शेंद्रा येथे ऑक्टाव्हिया जुळवू लागली आणि मराठवाड्यातील कित्येक तरुणांना तिथे रोजगार मिळाला. परक्या मालकाने दर्जा वाढवल्याचा दाखला हवा असेल तर तो इतका जवळ आहे.

आणि हो, 'परका मालक' म्हणताना आरसाही पाहावा. २००८ मध्ये फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर घेणारे टाटा मुंबईचे. इंग्रज ग्राहकाच्या दृष्टीने परके मालक आपणच. तिथेही हीच कुजबुज झाली होती. लँड रोव्हर बिघडते ही तक्रार टाटांच्या कितीतरी आधीपासूनची होती, ती टाटांनंतरही पुरती गेली नाही. पण नव्या गाड्या, नवे कारखाने आणि २०११ पासून पुण्यात जुळणी हे टाटांच्याच काळात घडले.

मग निकाल काय?

आमचे मत स्पष्ट आहे. सुरक्षिततेत व्हॉल्वो घसरलेली नाही. धडक चाचण्यांत ती आजही पुढच्या रांगेत आहे. साधेपणा आणि गल्लीतल्या मेकॅनिकच्या हाती दुरुस्त होण्याचा गुण मात्र गेला. तो बहुतेक सगळ्याच महागड्या गाड्यांतून गेला आहे, कारण आज गाडी म्हणजे चाकांवरचा संगणक झाला आहे. त्याबद्दल एकट्या चिनी मालकाला धरणे अन्यायाचे होईल. परंतु अपुरे सॉफ्टवेअर देऊन गाडी विकणे ही घाई आजच्या व्यवस्थापनाची आहे, आणि तिचा जाब त्यांनाच विचारला पाहिजे. शंभर वर्षांचे नाव ही आधीच्या लोकांनी ठेवलेली अमानत असते. ती वापरून विक्री वाढवता येते, तशीच उधळताही येते.

घरासाठी चार गोष्टी

आखातात असो वा इथे, वापरलेली महागडी गाडी घेताना नावावर किंवा मालकाच्या देशावर अडू नका. पुढील गोष्टी पाहा.

एक, त्या मॉडेलच्या पहिल्या वर्षाची गाडी शक्यतो टाळा. नव्या सांगाड्याचे, नव्या इंजिनाचे दोष पहिल्या एक-दोन वर्षांच्या ग्राहकाला भोगावे लागतात. दोन-तीन वर्षांनंतरची तीच गाडी पुष्कळदा निराळीच असते.

दोन, चेसिस नंबर वाचा. सतरा अक्षरांच्या या क्रमांकात व्हॉल्वोच्या बाबतीत दहावी जागा मॉडेलचे वर्ष सांगते आणि अकरावी कारखाना. गाडी कुठे बनली हे विक्रेत्याला विचारावे लागत नाही. हाच क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की परत बोलावणीचे काम बाकी आहे का ते कळते. ते काम मोफत होते, ते आधी करून घ्या.

तीन, आखातात 'जीसीसी स्पेक' आहे की अमेरिकेतून आणलेली, हे विचारा. अमेरिकेत अपघातात सापडलेल्या गाड्या ठाकठीक करून तिथल्या बाजारात येतात. रंग चकाकतो, आतला सांगाडा मात्र एकदा वाकलेला असतो. सर्व्हिसची नोंदवही नसेल तर भाव कितीही कमी असो, हात आखडता घ्या.

चार, गाडी जुन्या भावात मिळते, सुटे भाग मात्र नव्या गाडीच्याच भावाने मिळतात. गाडीवर सगळी बचत घालून दुरुस्तीला हात रिकामे राहिले, तर उत्तम गाडीही अंगणात उभी राहते. किमतीच्या बरोबरीने वर्षभराच्या देखभालीचा हिशेब आधी कागदावर मांडा, आणि तो घरातल्या सगळ्यांना दाखवा. आखातातून पैसे पाठवणारा एक असतो, पण त्यावर घर चालवणारे आणि शाळेची फी भरणारे बरेच असतात. गाडीचा निर्णय त्यांचाही आहे.